स्वमग्नता : समजून घेणे आणि सामावून घेणे

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण होते तेव्हा संस्थेच्या कार्याचा ताळेबंद मांडला जातो. उभारलेल्या वास्तू, जमलेला निधी, दिलेल्या शिष्यवृत्त्या यांची नोंद आदराने घेतली जाते व ती घेतलीच पाहिजे. परंतु प्रत्येक ताळेबंदात एक बाजू येण्याची राहून जाते. समारंभाला कोण आले याची मोजदाद होते. कोण आले नाही आणि का आले नाही, याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. लग्नकार्यात, पर्युषणाच्या प्रवचनात, सामुदायिक भोजनात ज्या घरातील आई कधीच दिसत नाही, अशी काही घरे प्रत्येक गावातील समाजात असतात. ‘तब्येत बरी नसते’ एवढेच उत्तर मिळते. त्यांतील काही घरांत स्वमग्न मूल असते आणि आई त्याला सोडून येऊ शकत नाही, घेऊन येण्याचे तिला धैर्य होत नाही. आजचे व्याख्यान त्या घरांविषयी आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीतील ‘ऑटिझम’ या शब्दाला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ युजेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला. शब्द सुंदर असला तरी तो थोडा फसवा आहे. स्वमग्न व्यक्ती स्वतःतच रमलेली असते, तिला इतरांची ओढ नसते, असा समज त्यातून होतो. वास्तविक तिलाही माया हवी असते, मैत्री हवी असते. मात्र ती व्यक्त करण्याची व समोरच्याचे मन ओळखण्याची तिची रीत निराळी असते.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे. तो साथीचा रोग नाही, वेड नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. त्याची लक्षणे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार सामाजिक संवादाचा. नजरेला नजर न देणे, हाकेला ओ न देणे, बोलणे उशिरा येणे किंवा न येणे, ऐकलेले वाक्य तसेच्या तसे पुन्हा म्हणणे, थट्टा व सूचक बोलणे न कळणे ही त्याची रूपे होत. दुसरा प्रकार ठरावीकपणाचा. तीच हालचाल पुनःपुन्हा करणे, वस्तू रांगेने लावणे, एखाद्याच विषयात विलक्षण गोडी असणे, नेहमीचा रस्ता बदलला तरी अस्वस्थ होणे ही त्याची रूपे. याच प्रकारात संवेदनांचा भागही येतो. घंटेचा नाद, ध्वनिक्षेपकाचा आवाज, जरीच्या कपड्याचा काठ किंवा अंगरख्याच्या आतील लेबल हे इतरांना जाणवतही नाही. स्वमग्न मुलाला ते असह्य होऊ शकते. ते मूल भर सभेत कान झाकून किंचाळते तेव्हा तो हट्ट नसतो, लाडावलेपणही नसतो. सोसण्याची सीमा संपलेली असते.

स्वमग्नतेच्या छटा अनेक आहेत. एखादी व्यक्ती आयुष्यभर बोलू शकत नाही व तिला चोवीस तास आधार लागतो. दुसरी पदवीधर होऊन नोकरी करते, पण कार्यालयातील साध्या गप्पांनी थकून जाते. कित्येक स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमता असते, कित्येकांना नसते. म्हणून ‘मतिमंद’ असा एकच शिक्का मारून मोकळे होणे अज्ञानाचेच लक्षण होय. मुलींमधील लक्षणे तर पुष्कळदा ध्यानातच येत नाहीत, कारण ‘मुलगी शांत आहे’ म्हणून तिचे कौतुकच होते.

पहिल्या मुलाची कथा

या विषयाचा वैद्यकीय इतिहास ज्या मुलापासून सुरू झाला असे मानले जाते, त्याची जीवनकथा व्यापारी समाजाने आवर्जून ऐकावी अशी आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट याचा जन्म झाला. वडील वकील होते. आईच्या माहेरची मंडळी गावातील बँकेच्या मालकांपैकी होती. मूल लहानपणापासून निराळे होते. आई-वडील आले-गेले तरी त्याचे लक्ष नसे. वस्तू गरगर फिरविण्यात ते तासन् तास रमे. स्मरणशक्ती मात्र अचाट होती. त्या काळच्या वैद्यकीय सल्ल्यानुसार चौथे वर्ष पुरे होण्याआधीच त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. मूल विसरून जा, असाच त्या सल्ल्याचा आशय होता. सुमारे वर्षभराने, १९३८ मध्ये, आई-वडिलांनी तो सल्ला बाजूला सारला व मुलाला घरी आणले.

त्याच वर्षी ते डोनाल्डला बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे घेऊन गेले. भेटीपूर्वी वडिलांनी मुलाच्या वागण्याचे बारीकसारीक वर्णन करणारे ३३ पानांचे पत्र डॉक्टरांना धाडले होते. डॉ. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर आधारित जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिले मूल डोनाल्ड होय. एका पित्याच्या त्या पत्राचा या शास्त्राच्या पायाभरणीत मोठा वाटा आहे.

पुढची हकिकत अधिक बोधप्रद आहे. काही वर्षे डोनाल्डला गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. त्याला मोजण्याचा व मापण्याचा छंद होता. त्या शेतकऱ्याने छंद मोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही. नांगर धरून मक्याच्या ओळी मोजायचे काम त्याने मुलाला दिले. ओळी मोजता मोजता शेत नांगरून होई. सहा-सहा महिन्यांचे अभ्यासक्रम जे साधत नाहीत, ते त्या शेतकऱ्याच्या शहाणपणाने साधले. व्यक्तीचा छंद हा तिचा दोष न मानता कामाची वाट मानावी, हा धडा त्यात आहे.

डोनाल्ड ट्रिपलेट पुढे शाळा शिकले, महाविद्यालयात गेले, १९५८ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर गावातील त्याच बँकेत त्यांना काम मिळाले आणि सुमारे ६५ वर्षे त्या बँकेशी त्यांचा संबंध राहिला. विशीच्या उत्तरार्धात ते मोटार चालवायला शिकले. नित्य गोल्फ खेळत. एकटे देशोदेशी प्रवास करून आले. गावातील परिचितांना ते निरनिराळे क्रमांक देत व ते क्रमांक वर्षानुवर्षे लक्षात ठेवीत. गावानेही ते क्रमांक मानाने मिरविले. त्यांच्या नावे कुटुंबाने विश्वस्त निधीची व्यवस्था केली होती, जेणेकरून कोणी त्यांच्या सरळपणाचा गैरफायदा घेऊ नये. दोन अमेरिकी पत्रकार, जॉन डोनव्हन व कॅरेन झुकर, त्यांच्याविषयी लिहिण्यासाठी फॉरेस्टला गेले तेव्हा एकाहून अधिक गावकऱ्यांनी त्यांना बजावले, की आमच्या या माणसाला तुमच्यामुळे त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. तो वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध झाला. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी डोनाल्ड ट्रिपलेट यांचे निधन झाले.

डॉ. कॅनर यांनी १९७१ साली आपल्या अकरा बालरुग्णांचा पुन्हा मागोवा घेतला. जी मुले सरकारी संस्थांत टाकून दिली गेली, त्यांची प्रगती खुंटली व असलेले गुणही विझले. तेथील प्रवेश म्हणजे जणू जन्मठेपच, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोनाल्ड मात्र सन्मानाने जगले. त्यांच्या घरी पैसा होता, ही गोष्ट खरी. परंतु पैशाने डॉक्टर मिळतो. बँकेतील खुर्ची, गोल्फचे सोबती आणि पाठीशी उभे राहणारे गाव पैशाने मिळत नाही.

आईवरचा आळ

या इतिहासात एक अन्यायाचे प्रकरणही आहे. आई-वडिलांच्या, विशेषतः आईच्या थंड व कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असे मत एकेकाळी विद्वानांनीच पसरविले. डॉ. कॅनर यांच्या लेखनातही त्याचे सूर होते आणि ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये ग्रंथ लिहून ते मत लोकप्रिय केले. असंख्य मातांनी विनाकारण अपराधाचे ओझे वाहिले. त्याला पहिले सडेतोड उत्तर दिले ते बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ साली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे पिताही होते. खुद्द कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभे राहून पालकांना दोषमुक्त जाहीर केले. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. आज हे निर्विवाद आहे, की आईच्या वागण्याने, तिच्या नोकरीने किंवा गरोदरपणातील तिच्या एखाद्या रडण्याने मूल स्वमग्न होत नाही.

तसाच दुसरा गैरसमज लसीचा. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीमुळे स्वमग्नता होते अशी शंका घेणारा निबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. तो केवळ बारा मुलांवर आधारलेला होता. त्यातील गैरप्रकार उघड झाल्यावर २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला आणि अनेक देशांतील मोठ्या अभ्यासांनी लसीचा व स्वमग्नतेचा संबंध नसल्याचे दाखविले. तरीही भीती उरली. लस टाळणाऱ्या घरातील बालकाला गोवराचा धोका मात्र खरा असतो.

विज्ञानाने आईला निर्दोष ठरवून अर्धशतक लोटले, पण घराघरांतील न्यायालय अद्याप उठलेले नाही. ‘हिच्या माहेरी कोणी असे होते का?’, ‘पूर्वकर्माचे फळ आहे’ ही वाक्ये आजही ऐकू येतात. कर्मसिद्धान्त स्वतःच्या आत्म्याच्या परीक्षणासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवण्यासाठी तो वापरणे हा त्या सिद्धान्ताचा अवमान होय. शस्त्राने होते तशी शब्दानेही हिंसा होते, हे या सभेला वेगळे सांगावयास नको.

हिशेब काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हेच प्रमाण धरले तर पाच हजार लोकसंख्येच्या समाजात अशा सुमारे चाळीस व्यक्ती असाव्यात. पाच हजारांच्या समाजात अशी चार नावे तरी सर्वांना ठाऊक असतात का? नसतील, तर उरलेल्या छत्तीस व्यक्ती कोठे आहेत? काही निदानाविना ‘विक्षिप्त’, ‘तऱ्हेवाईक’ म्हणून जगत आहेत. काही आतल्या खोलीत आहेत. मोठ्या बहिणीचे स्थळ आले, की पाहुणे परत जाईपर्यंत धाकट्या भावाला मावशीकडे धाडले जाते. घरच्यांना तो नकोसा असतो असे नाही. समाज काय म्हणेल याची त्यांना धास्ती असते. लपविण्याचा दोष त्या घराच्या माथी मारण्यापूर्वी, ते लपवावे लागते अशी परिस्थिती कोणी निर्माण केली, हे प्रत्येक वधूपित्याने व वरपित्याने स्वतःला विचारावे.

वेळेवर ओळख, योग्य साहाय्य

मूल वर्षाचे होऊनही नावाने मारलेल्या हाकेकडे वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञ अथवा बालविकासतज्ज्ञ यांचा सल्ला त्वरित घ्यावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या तपासणीची व जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. मुंबईत २००१ पासून कार्य करणारी ‘उम्मीद’, दिल्लीत १९९१ मध्ये एका स्वमग्न मुलाच्या मातेने, मेरी बरुआ यांनी, स्थापन केलेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ अशा संस्थांनी पालकांना मार्ग दाखविला आहे.

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण आणि घरच्यांचे प्रशिक्षण यांनी मूल अधिक स्वावलंबी होते, त्याला संवादाचे साधन मिळते. जे मूल बोलत नाही ते चित्रांच्या साहाय्याने किंवा यंत्रावर अक्षरे दाबून आपले म्हणणे सांगू शकते. बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे. ‘शंभर टक्के बरे करू’ अशी हमी देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. स्टेमसेलच्या महागड्या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पातळीवर २०२२ मध्ये स्पष्ट करण्यात आले. दागिने मोडून अशा उपचारांमागे धावलेल्या कुटुंबांची फसवणूक दुहेरी असते. पैसा जातो आणि मुलाच्या शिकण्याची मोलाची वर्षेही जातात.

‘आमच्या पश्चात कोण?’

स्वमग्न मूल मोठे होते, हे समाज विसरतो. पाच वर्षांच्या बालकाचे उड्या मारणे गोड वाटते. पंचवीस वर्षांच्या तरुणाने तसे केले की लोक दूर सरतात. शाळा अठराव्या वर्षाच्या सुमारास संपते, आई-वडिलांचे वय वाढत जाते, आणि प्रत्येक पालकाच्या मनात रात्रीच्या वेळी एकच प्रश्न उभा राहतो : आमच्या पश्चात याचे काय? या प्रश्नाला कायद्याने काही उत्तरे दिली आहेत. ती प्रत्येक घराला ठाऊक असावीत.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, हे कित्येकांना ठाऊक नसते. त्यानंतर आवश्यकता असल्यास जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे, तर ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या निवासाची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नतेचा समावेश केला आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणात या व्यक्तींनाही स्थान दिले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र वेळीच काढून ठेवावे. मृत्युपत्र, खासगी विश्वस्त निधी, प्राप्तिकरातील सवलत यांविषयी वकील व सनदी लेखापाल यांचा सल्ला आई-वडील धडधाकट असतानाच घ्यावा. ज्या समाजात लेखापालांची वाण नाही, त्या समाजात हा सल्ला महिन्यातून एक रविवार विनामूल्य मिळणे अवघड नसावे.

दुकानातील जागा

व्यापारी समाजाकडे एक गोष्ट अशी आहे, जी सरकारकडेही पुरेशी नाही. ती म्हणजे कामाची जागा. कापडाच्या पेढीत ताग्यांची रंगवार व क्रमांकवार मांडणी करणे, मालाच्या चिठ्ठ्या लावणे, बिलांशी माल ताडून पाहणे ही कामे ठरावीक, शांत व चोखपणाची आहेत. ज्या तरुणाला रांगेत एक तागा उलटा ठेवलेला सहन होत नाही, त्याचा तो स्वभाव घरात कटकट ठरतो. गोदामात तोच गुण ठरतो. त्याला काम एका वेळी एकच सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. गिऱ्हाइकाच्या गर्दीत उभे करू नये. बसण्याची जागा व जेवणाची वेळ बदलू नये. आणि पगार द्यावा. उपकार म्हणून ‘बसू द्या’ आणि कामाबद्दल मोबदला, यांत माणसाच्या मानाचे अंतर आहे. प्रत्येकाला हे जमेल असे नव्हे. ज्याला चोवीस तास आधाराची गरज आहे, त्याचाही मान तेवढाच. त्याच्या आईला आठवड्यातून दोन तासांची विश्रांती देणारा शेजार हीच तेथे सेवा.

संस्थेच्या वास्तूतही थोडक्या खर्चात पुष्कळ करता येते. सभागृहालगत एक शांत खोली उघडी ठेवावी. ध्वनिक्षेपकाचा आवाज आवरावा. भोजनाच्या रांगेत अशा कुटुंबाला थांबवू नये, आणि मूल ठरावीकच पदार्थ खात असेल तर त्यावरून आईला उपदेश करू नये. पाठशाळेच्या शिक्षिकांना या विषयाचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ मध्ये तो जाहीर केला व २००८ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी केवळ भाषण न ठेवता पालकांचा मेळावा भरवावा आणि बोलण्याची पहिली संधी स्वमग्न तरुण-तरुणींना द्यावी.

फॉरेस्ट हे काही संतांचे गाव नव्हते. आपल्या बँकेतल्या, आपल्या रस्त्यावरच्या एका निराळ्या माणसाला तेथील लोकांनी ‘आपला’ म्हटले आणि तो आयुष्यभर आपलाच राहिला. पुढील समारंभाचे निमंत्रण देण्यासाठी कार्यकर्ते घरोघर जातील तेव्हा, ज्या दारातून नेहमी ‘तब्येत बरी नसते’ असे उत्तर येते, त्या दाराशी त्यांनी थोडे अधिक थांबावे. त्या मातेला एवढेच सांगावे : ‘मुलाला घेऊन या. तो ओरडला तरी चालेल. त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.’

जय जिनेंद्र.